पाचू आवडला? आधी दुकानाच्या दारापाशी चला

प्रश्न : येत्या मार्गशीर्षात आईला ६० वर्षं पूर्ण होतायत. तिनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. फक्त आजीच्या बोटात पाचूची एक अंगठी होती, ती मामांच्या लग्नाच्या वेळी मोडावी लागली, तिच्याबद्दल आई अजून बोलते. मला तिला तशी अंगठी करून द्यायची आहे. सोनं धरून ८० हजार रुपये बाजूला ठेवलेत. आमच्या घरात रंगीत खडा कुणी कधी विकत घेतलेला नाही. दोन शनिवार लक्ष्मी रस्ता आणि आजूबाजूला फिरले. एका ठिकाणी सव्वापाच रत्तीचा ‘कोलंबियन पन्ना’ १६ हजारांत दाखवला, हिरवागार आणि आरपार स्वच्छ. दुसऱ्या ठिकाणी जेमतेम १.४० कॅरेटचा खडा, आत जाळ्यासारखं काहीतरी, आणि किंमत ४८ हजार. मला पहिला जास्त आवडला. सर्टिफिकेट दोघंही देतो म्हणाले. ओळखीचे एक काका म्हणतात, पाचू सगळ्यांना लाभत नाही. काय करू?
— धायरीहून एक लेक

ताई,

तो १६ हजारांचा खडा घेऊ नका. मी तो पाहिलेला नाही, तरी ठामपणे सांगतोय. मोठा, निर्मळ, कोलंबियाचा आणि स्वस्त, असा चारही गुणांचा पाचू बाजारात नसतो. यातली एक तरी गोष्ट खोटी असणार, आणि बहुतेक वेळा ‘पाचू’ हीच खोटी निघते. ती काच असेल, दोन थर मध्ये हिरव्या डिंकानं चिकटवलेला जोडखडा असेल, किंवा प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू असेल. शेवटचा प्रकार रसायनाच्या हिशेबानं पाचूच असतो आणि तो कुणी आवडीनं घेतला तर माझी मुळीच हरकत नाही. पण मग बिलावर तसं लिहिलेलं हवं आणि भावही त्याचाच हवा. दुकानदारानं तुम्हाला जाणूनबुजून फसवलं असेलच असं नाही. लॉटमध्ये आलेला माल पुडीवर जे नाव असेल त्याच नावानं पुढे विकणारे पुष्कळ आहेत.

तुम्हाला पहिला जास्त आवडला याचं वाईट वाटून घेऊ नका. हिऱ्याच्या जाहिराती बघून आपल्या डोळ्याला वळण लागलंय की स्वच्छ तो चांगला. पाचूला ते माप लावून चालत नाही. पाचू म्हणजे बेरिल हे खनिज. त्यात क्रोमियमचा किंवा व्हॅनेडियमचा अंश शिरला की त्याला हा हिरवा रंग येतो. ज्या खडकांत हे सगळं एकत्र येतं तिथे स्फटिक शांतपणे वाढूच शकत नाही. वाढता वाढता त्याला तडे जातात, ते पुन्हा भरतात, आत बारीक कण आणि द्रवाचे थेंब अडकून राहतात. म्हणून पाचूत जाळं असायचंच. त्याच बेरिलचा निळसर भाऊ, अ‍ॅक्वामरीन, बहुधा स्वच्छ निघतो, आणि त्याच्यात जाळं दिसलं तर मी भाव पाडून मागेन. पाचूत ते दिसलं नाही तर मी आधी थांबेन. ४८ हजारांचा दुसरा खडा चांगला आहे की नाही हे मला इथून सांगता येणार नाही, पण खरेपणाच्या बाबतीत त्याचं जाळं त्याच्याच बाजूनं साक्ष देतंय.

आता तो दुसरा खडा पुन्हा पाहायला जा. शनिवारी संध्याकाळी गर्दीत नको. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा. काउंटरवरचे पिवळे दिवे आणि डोक्यावरचे प्रखर एलईडी यांच्या मध्ये कुठलाही खडा पाणीदार दिसतो. दुकानदाराला म्हणा, ‘जरा दारापाशी बघते.’ कोणताही चांगला सराफ याला नाही म्हणत नाही, स्वतः चिमट्यात धरून बाहेर येतो. थेट उन्हात नको, उजेड पडलेल्या सावलीत बघा. आधी पांढऱ्या कागदावर ठेवा, मग डाव्या हाताची दोन बोटं जुळवून त्यांच्या खाचेत ठेवा. कातडीवर रंग कसा दिसतो ते महत्त्वाचं, कारण अंगठी तिथेच राहणार आहे. रंग हिरवाच आहे, की काळपट पडतोय, की पिवळ्याकडे झुकतोय, हे एका नजरेत कळत नाही. आजूबाजूचे तीन-चार खडे शेजारी ठेवायला सांगा. एकटा बघितला की प्रत्येक खडा सुंदर असतो. शेजारी भावंडं बसली की कोण निस्तेज ते आपोआप दिसतं.

मग तो छापील कागदावर ठेवून वरून बघा. मधोमध काचेसारखी मोकळी जागा दिसून खालची अक्षरं वाचता येत असतील, तर पैलू उथळ पाडलेत. उजेड परत डोळ्याकडे न येता खालून निसटतोय. वजन वाचवण्यासाठी असं करतात. रंग कितीही चांगला असला तरी असा खडा बोटात गेला की मध्ये विझलेला दिसतो. शेवटी दहापट भिंग मागा. जाळ्याला घाबरू नका, पण एखादी चीर आतून येऊन पृष्ठभागाला मिळालेली आहे का, विशेषतः कोपऱ्यापाशी, एवढं मात्र सावकाश फिरवून बघा. सोनार खडा धरून ठेवणारा सोन्याचा पंजा आवळताना तिथेच टवका उडतो.

चिरांवरून तेलाकडे यावंच लागेल. जवळजवळ प्रत्येक पाचूला तेल दिलेलं असतं. देवदार जातीच्या लाकडाचं रंगहीन तेल किंवा कृत्रिम राळ चिरांमध्ये भरली की त्या कमी दिसतात. ही फार जुनी रीत आहे, जगभर मान्य आहे, आणि विकणाऱ्यानं सांगितलेली असली तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते हिरवा रंग मिसळलेलं तेल, बाजारात ज्याला जोबन म्हणतात. त्यानं फिका खडा गडद होतो आणि काही महिन्यांत रंग उतरू लागतो. पुडी उघडताना एक गोष्ट बघा : आतल्या कागदावर खड्याच्या आकाराचा तेलकट डाग असतो का, आणि तो डाग हिरवट आहे का. हिरवट असला तर पुडी मिटा आणि नमस्कार करून निघा. डाग नसला म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही. तेल किती आहे हे प्रयोगशाळाच सांगते. ती त्याचं किंचित, मध्यम, जास्त असं वर्गीकरण अहवालात देते. पहिल्या खरेदीत ‘किंचित’ किंवा फार तर ‘मध्यम’ यापुढे जाऊ नका.

रत्तीचा घोळही आताच मिटवून टाका. सोनाराची जुनी रत्ती १२१.५ मिलिग्रॅमची, आणि खड्यांच्या बाजारात ज्या रत्तीत बोलतात ती साधारण १८२ मिलिग्रॅमची. खड्याच्या वजनाचा कॅरेट मात्र सगळीकडे २०० मिलिग्रॅमचा. त्यामुळे तुमची ‘सव्वापाच रत्ती’ एका हिशेबानं पावणेपाच कॅरेटच्या थोडी वर जाते आणि दुसऱ्या हिशेबानं जेमतेम ३.२० कॅरेट भरते. भाव रत्तीचा की कॅरेटचा हे विचारल्याशिवाय दोन दुकानांची तुलनाच होत नाही. वजन तुमच्यासमोर काट्यावर करायला लावा आणि बिलावर कॅरेटमध्ये, दशांश चिन्हानंतर दोन आकडे, असं लिहून घ्या.

‘कोलंबियन’ या शब्दाचंही थोडं सांगतो. कोलंबियातल्या मुझो आणि चिव्होर इथल्या खाणींचं नाव शतकानुशतकं मोठं आहे, म्हणून ते नाव लावलं की भाव चढतो. आज आपल्याकडे दिसणारा बराचसा पाचू झांबियाचा असतो आणि जयपूरला पैलू पडून येतो. झांबियाचा रंग किंचित निळसर झाकेचा असतो, आणि मला तो मनापासून आवडतो. तुमच्या रकमेत मूळ देशासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. प्रयोगशाळेनं अहवालात देश लिहिला नसेल तर तो शब्द गृहीतच धरू नका.

सर्टिफिकेट दोघंही देतो म्हणाले, इथे मात्र मला जरा थांबावंसं वाटतं, कारण माझी स्वतःची चूक इथेच झाली होती. मी या विषयात शिकायला लागलो त्या पहिल्याच वर्षी बहिणीला भाऊबीजेला माणकाची अंगठी घेतली. तीन कॅरेटचं माणिक, डाळिंबाच्या दाण्यासारखं. भाव पाहून मी हरखून गेलो. खड्यावर काय प्रक्रिया केली आहे हे मी विचारलं नाही. वर्षभरानं अंगठी सैल झाली म्हणून तिनं ती सोनाराकडे दिली. त्यानं नेहमीप्रमाणे डाग देऊन सांधा जोडण्यासाठी ज्योत लावली. अंगठी परत आली तेव्हा खड्यावर पांढुरक्या रेघांचं जाळं उमटलं होतं, आणि एका कडेला सुईनं टोचावं तसे बारीक खड्डे. घरात सगळ्यांनी सोनारालाच दोष दिला. मी भिंगाखाली धरलं तर चिरांमधून निळसर चमक उठत होती आणि आत चपटे बुडबुडे दिसत होते. चिरांनी भरलेल्या हलक्या माणकात शिशाची काच वितळवून ओतली होती. असा माल २००४च्या सुमारास बाजारात यायला लागला आणि आजही भरपूर आहे. ज्योत तर सोडाच, लिंबाच्या रसानंही त्यातली काच खराब होते. मी बिल शोधून काढलं. त्यावर लिहिलं होतं : ‘रेड स्टोन, १ नग’. सोबत प्लास्टिकच्या आवरणातलं एक कार्डही होतं, त्यावर ‘नॅचरल’ छापलेलं. ते खोटंही नव्हतं. माणिक नैसर्गिक होतं, फक्त त्यातला बराच भाग काच होता. बहिणीनं एका शब्दानं मला बोल लावला नाही. त्या सोनाराची माफी मात्र मी जाऊन मागितली.

म्हणून सर्टिफिकेट या शब्दानं निर्धास्त होऊ नका. अहवालात तीन गोष्टी शोधा : खनिजाचं नाव, नैसर्गिक की प्रयोगशाळेत वाढवलेलं, आणि शेरा किंवा ट्रीटमेंट या रकान्यात काय लिहिलंय. तो तिसरा रकाना कोराच असेल किंवा नसेलच, तर तो कागद तुमच्या कामाचा नाही. अहवालावरचं वजन आणि मिलिमीटरमधली मापं हातातल्या खड्याशी जुळवून बघा, कारण कागद एकाचा आणि खडा दुसऱ्याचा असं होतं. अहवाल क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो, तो तिथेच, दुकानात उभं राहून बघा. मुंबईतली जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, आयजीआय (इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट), जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) अशी नावं बाजारात मानली जातात. दुकानदाराला सरळ म्हणा, ‘मी बयाणा देते, खडा तुम्ही सांगाल त्यापैकी एका लॅबमध्ये पाठवू, फी मी भरते. अहवाल तुम्ही म्हणता तसा आला तर उरलेले पैसे, नाहीतर बयाणा परत.’ हे बयाण्याच्या पावतीवर लिहून घ्या. जो याला तयार होतो त्याच्याकडून घ्या. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांचा निकाल या एका वाक्यावर लागेल.

आणि खडा सुटाच घ्या. तयार अंगठीत बसवलेला नको. बंद कोंदणात खाली चकचकीत वर्ख ठेवला की फिका खडाही खुलतो, आणि बसवलेल्या खड्याचं ना वजन करता येतं ना धड परीक्षण. अंगठीवर हॉलमार्क आहे म्हणून खडाही खरा, असं समजणारे खूप भेटतात. हॉलमार्क आणि त्याच्यासोबतचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, जो १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी बंधनकारक झाला, तो फक्त सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो. खड्याशी त्याचा संबंध नाही. अंगठी घडल्यावर बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि खड्याचं वजन वेगळं हवं, नाहीतर खडाही सोन्याच्या भावानं तोलला जातो.

आता खरं बोलायचं ते आईंच्या हाताबद्दल. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही : अंगठी त्या रोज घालणार की सणावारी? पाचूचा कठीणपणा मोहस मापावर साडेसात ते आठ. माणिक आणि नीलम नऊवर. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते सातवर, म्हणजे पाचू धुळीनं ओरखडत नाही. पण ओरखडा न येणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. आतल्या चिरांमुळे पाचू नळाला, कुकरच्या कडेला आपटला तर टवका उडू शकतो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण यांनी तेल हळूहळू निघून जातं आणि झाकलेल्या चिरा वर येतात. कणीक मळणाऱ्या, भांडी विसळणाऱ्या हातात पाचूची अंगठी बारा महिने राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. (आपल्या पुण्याच्या काळ्या दगडातही सुंदर स्फटिक मिळतात. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात, पाषाण भागातला हिरवा अपोफिलाइटही तसाच. पण ते इतके मऊ आणि नाजूक की त्यांची जागा कपाटात. सौंदर्यावरून अंगठीचा खडा ठरत नाही.)

आई ती अंगठी सणाला, लग्नकार्याला घालून परत डबीत ठेवणार असतील तर पाचूच घ्या, तिच्यामागे आजीची आठवण आहे. खड्याला चारही बाजूंनी सोन्याची कड घ्या, नुसते पंजे नकोत. रोज घालणार असतील तर मला दोन वाटा दिसतात. एक, तोच पाचू गळ्यातल्या पदकात घाला, तिथे त्याला ना साबण ना नळ. दोन, हिरवा हवा पण बोटातच हवा, तर त्साव्होराइट मागा. हा हिरवा गार्नेट, १९६७ मध्ये टांझानियात सापडला. त्याला सहसा तेलही देत नाहीत आणि तापवतही नाहीत, चमक पाचूपेक्षा जास्त. एक-दीड कॅरेटपलीकडे चांगला मिळणं अवघड आणि महाग, पण अंगठीला तेवढा पुरतो. जुन्या पेढ्यांवर हे नाव सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही, रंगीत खड्यांचंच काम करणाऱ्यांकडे विचारा. ‘हा पाचूच आहे’ असं सांगून मात्र तो आईंना देऊ नका.

काकांच्या म्हणण्याबद्दल. पाचू लाभतो की नाही हा तुमच्या घरच्या श्रद्धेचा भाग, त्यात मी पडणार नाही. आईंच्या मनात शंका राहणार असेल तर त्यांच्या नेहमीच्या गुरुजींना विचारा, मन शांत झालं की मग पुढे जा. एवढंच पाळा की जो खडा सुचवतो त्याच्याकडूनच खडा घ्यायचा नाही. खडा उशाखाली ठेवून काही दिवस बघण्याची रीत अनेक घरांत आहे. तुमच्याकडे असेल तर तेवढ्या दिवसांत परत घेण्याची अट दुकानदाराकडून लेखी घ्या.

पैशांचं गणित मी असं मांडेन. सोनं आणि घडणावळ बाजूला काढा, लॅबची फी काढा, उरेल तेवढ्यात खडा. १.४० कॅरेटच्या खड्याला ४८ हजार योग्य आहेत का, हे अहवाल हातात आल्यावरच कळेल. तोवर आणखी दोन ठिकाणी त्याच वजनाचे, तेवढ्याच तेलाचे खडे कॅरेटच्या भावात विचारून ठेवा. वजन वाढलं की कॅरेटमागचा भावही चढतो, त्यामुळे १.४० ऐवजी एक कॅरेटचा, पण जास्त जिवंत रंगाचा खडा मिळाला तर मी तोच घेईन. पुढे विकून फायदा होईल असं कुणी सांगितलं तर ते डोक्यातून काढून टाका. रंगीत खडा विकायला गेलं की घेतलेली किंमतही सहसा परत मिळत नाही.

बिलावर ‘नैसर्गिक पाचू, वजन इतके कॅरेट, तेल इतके, अहवाल क्रमांक अमुक’ एवढं आलंच पाहिजे. पुढे काही वाद झाला तर जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पण तिथेही पहिला प्रश्न बिलावर काय लिहिलंय हाच असतो. १९७४ मध्ये ग्राहक पंचायत ज्या शहरात सुरू झाली, त्या पुण्यात ‘पक्कं बिल द्या’ म्हणायला संकोच वाटू देऊ नका.

आईंना आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत असेल तर तो सोडा, असं मी म्हणेन. शेवटचे दोन-तीन खडे निवडून झाले की त्यांना घेऊन जा आणि दारापाशी उभं करून त्यांच्या हातावर ठेवा. आजीच्या अंगठीचा हिरवा रंग फक्त त्यांच्या डोळ्यांत आहे. लॅबमधून अहवाल यायला दिवस लागतात, सोनाराला घडवायला आणखी लागतात, तेव्हा दसऱ्याच्या आसपासच कामाला लागा. बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी नको. दिवसभराच्या कामानं बोटं थोडी सुजलेली असतात, आणि सकाळच्या मापाची अंगठी पेरावर अडकते. एकदा खडा बसला की तिला पुन्हा ज्योत लागू नये.